दिवाळ्याचे सोळा नमुने

१२ जानेवारी १९८६

कॉलेजातल्या सरांचं पत्र आलं! अठरा वर्षांत पहिल्यांदा आठवण झाली. मुलीच्या लग्नाला बोलावलं नाही, निवृत्तीच्या जेवणाला बोलावलं नाही, आणि आता लिहितात, "कुत्र्यांच्या विष्ठेचे नमुने हवेत. तुझ्याशिवाय कोण देणार?" खरं आहे. विष्ठा म्हटली की सगळ्यांना डॉ. टिळेकर आठवतो.

प्रकरण असं. सात-आठ वर्षांपूर्वी जगात कुत्र्यांना एक नवा रोग आला, पार्व्हो. उलट्या, रक्ताची हगवण, तीन-चार दिवसांत खेळ खलास. पिल्लं जास्त मरतात. सर लिहितात की हा विषाणू मुळात मांजरांच्या एका रोगाचा भाऊबंद. कुत्र्यात शिरला आणि तिथून आपला बदलतच चालला. जुना प्रकार दोन-तीन वर्षांत मागं पडला, त्याच्या जागी नवा आला, आणि आता म्हणे त्याच्याही पुढचा आलाय. आपल्याकडं किती कुत्र्यांना आहे आणि त्यातला कुठला आहे, कुणालाच पत्ता नाही. म्हणजे विषाणूला आठ वर्षांत दोन बढत्या! मला अठरा वर्षांत एकही नाही.

पेपर दोघांच्या नावानं. मे महिन्यात अधिवेशन. मी हो म्हणणार हे सरांनी गृहीतच धरलंय, कारण इथं दुसरं काम काय आहे? सरकारनं मला बेलापूरच्या गुरांच्या दवाखान्यात नेमलं आणि त्याच सरकारनं गुरांची कुरणं घेऊन तिथं प्लॉट पाडले. बैल विकले गेले, म्हशी विकल्या गेल्या, दवाखाना उरला. बैल उभा करायच्या लोखंडी खोड्यावर आमचा सदू ड्रेसर टॉवेल वाळत घालतो. मागच्या महिन्याचे पेशंट: दोन शेळ्या, एक कोंबडा, आणि एक गृहस्थ, जे सेक्टर दोन कुठे म्हणून विचारायला आले होते.

१३ जानेवारी

जयमालाला सांगितलं. चपाती लाटता लाटता बायको म्हणाली, "इतकी वर्षं शेणात होतात. प्रगती झाली म्हणायची."

१९ जानेवारी

दिवाळे गावापासून सुरुवात केली. खाडीकाठी सुकत घातलेल्या मासळीची राखण करणारी सोळा गावठी कुत्री. पुढचं टोक मालकाकडं, मागचं माझ्याकडं. ताप बघायचा, कापसाच्या बोळ्यावर नमुना घ्यायचा, वहीत नोंद करायची. अख्खं गाव सिनेमा बघितल्यासारखं बघायला जमलं.

पुतळाबाई म्हणून एक कोळीण आहे. तोंडाचा पट्टा असा की म्हावरं आपसूक सोललं जावं. म्हणाली, "मान्साची नाडी बघायला सरकारला येल नाय, आन कुत्र्याच्या ढुंगनात काच घालायला डागदर धाडलाय!" सगळं गाव हसलं. मीही हसलो, काय करणार? पण नमुने ठेवायला बर्फ तिनंच दिला, टोपलीतला काढून. घरी गेल्यावर जयमालानं पिशवीसकट मला बाल्कनीत उभं केलं.

पुतळाबाईचा मुलगा कान्हा सागरदीप सोसायटीत वॉचमन आहे. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन दोन वर्षं हापिसांचे उंबरे झिजवले तेव्हा ती नोकरी मिळाली. घरात बायको, दोन पोरी, आणि पगार म्हणून येणारा तेवढाच. "टोपी हाय, शिट्टी हाय," पुतळाबाई म्हणाली, "वर्साच्या आत पर्मनंट करतो बोललाय शेक्रेटरी." आई किती खूष होती!

सोळाही निरोगी. प्रत्येक कुत्र्यानंतर थर्मामीटर स्पिरिटनं पुसला. सदू म्हणतो, "साहेब, पुसून पुसून आकडे जातील." जाऊ देत. निष्काळजीपणा माझ्या रक्तात नाही.

२५ जानेवारी

सेक्टरातल्या बैठ्या घरांतली नऊ कुत्री झाली. नवांपैकी चौघांचं नाव टायगर. एक टायगर मला बघून मालकिणीच्या पदराआड गेला.

२६ जानेवारी

मुद्दाम आजचा दिवस धरला. झेंडावंदनामुळं सागरदीपमधले सगळे घरी. सेक्रेटरी नंदकुमार मोकाशी, मंत्रालयात डेस्क ऑफिसर, यांनी पाऊण तास भाषण केलं. "आपण नव्या शहराचे शिल्पकार आहोत." शिल्पकारांच्या टाकीला तीन दिवस पाणी नाही, ते राहिलं.

बारा कुत्री. पहिली तीन झाली, मग चौथ्या घरात सुचित्रा देशमाने. बँकेत असतात. चारच दिवसांपूर्वी मुंबईच्या बाजारातून पॉमेरेनियनचं पिल्लू आणलंय, नाव प्रिन्सेस. प्रिन्सेसबाई मलूल. पोट बिघडलेलं. "पाणी बदललं ना, म्हणून," सुचित्राबाई म्हणाल्या. मला मनातून बरं वाटलं. हो, लाज काय लिहायला! सरांना हवा तसला नमुना इतक्या लवकर मिळतोय असं वाटलं. पण काळजी घेतली. तिच्यानंतर थर्मामीटर दोनदा स्पिरिटमध्ये बुचकळला, हात साबणानं धुतले, मगच पुढं गेलो.

पुढची आठ. भोसल्यांचा बॉक्सर अंगावर आला. त्याच्या जवळही गेलो नाही, लांबूनच 'ताप नॉर्मल, नमुना मिळाला नाही' लिहून मोकळा झालो. शास्त्रासाठी बोटं द्यायची तयारी नाही. शेवटी मोकाशींचा सुलतान, आठ महिन्यांचा अल्सेशियन. मोकाशी ओरडले, "सुलतान, सिट!" सुलतान उभाच. शेवटी मोकाशी बसले.

३० जानेवारी

प्रिन्सेस गेली. सुचित्राबाई बँकेत गेल्या नाहीत.

३ फेब्रुवारी

सागरदीपमध्ये पाच आजारी. सगळ्यांचं तेच, आधी पिवळी उलटी, मग रक्त. तो वास! वीस पावलांवरून कळतो. दिवसभर या घरातून त्या घरात सलाइन लावत फिरतोय. रात्रंदिवस तोंडात इंग्रजी असलेले मोकाशी आज सलाइनची बाटली हातात उंच धरून तासभर उभे होते आणि "बाळा, बाळा" एवढंच म्हणत होते. मला त्यांची चेष्टा सुचेना.

६ फेब्रुवारी

सुलतान पहाटे गेला. एकूण सहा मेली. आणि संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर निकाल लागला: विषप्रयोग!

गुन्हेगार कोण? कान्हा. पुरावा काय? महिन्यापूर्वी सुलताननं त्याची पोटरी फोडली होती, तेव्हा तो बोलला होता, "कुत्रा आवरा, नायतर मी बघतो." झालं! शिवाय गावचा माणूस, म्हणजे अर्धा पुरावा आपोआप.

मी म्हटलं, "अहो, हा रोग असणार. नमुने सरांकडं पाठवलेत." मोकाशी म्हणाले, "रोग? एकाच सोसायटीत? गावात एक तरी कुत्रं मेलं का, डॉक्टर?" नाही मेलं.  मोकाशींना हेच आवडतं, प्रश्नातच निकाल लावणं.

९ फेब्रुवारी

हद्द झाली! मोकाशींनी कान्हाला समोर उभं करून झाप-झाप झापलं, तर त्यानं काय करावं? गेटवरची वही पुढं केली. कोण कधी आलं, कुठल्या फ्लॅटवर गेलं, याची वही. म्हणाला, "साहेब, बाईंच्या पिल्लानंतर डागदर ज्या घरांत गेला तिथले कुत्रे एक सोडून सगले आजारी पडले. त्याच्या आदी गेला तिथले जिते हायत. तुमीच बघा."

मोकाशी मला हे सांगताना डोळे पुसत हसत होते. "डॉक्टर, तुमच्या पायगुणानं म्हणे! बॅगेतून मरण आणता तुम्ही!" सगळे हसले. भोसले तर खुर्चीत मागं कलंडले.

मला नाही हसू आलं. अठरा वर्षांची नोकरी, डोक्यावरचे अर्धे केस गुरांच्या गोठ्यात घालवले, आणि आठवी नापास वॉचमन माझी तपासणी करणार? मोकाशींनी कान्हाला काढायचा अर्ज तयारच ठेवला होता. 'वर्तन संशयास्पद, सेवेतून कमी करावे.' तज्ज्ञ म्हणून माझी सही पाहिजे म्हणाले. विषाबद्दल मी काही लिहिणार नाही म्हटलं. "नका लिहू, नुसती सही करा."

केली.

११ फेब्रुवारी

कान्हाला काढलं. टोपी-शिट्टी गेटवर जमा करून घेतली. सदू आज दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. 'हो साहेब', 'नाय साहेब' एवढंच. तोही दिवाळ्याचाच, राग यायचाच. येईल आणि जाईल.

१३ फेब्रुवारी

सरांच्या चाचणीला डुकराचं रक्त लागतं! विषाणू असेल तर डुकराच्या रक्तातल्या पेशी जाळीसारख्या पसरतात, नसेल तर तळाशी नुसता ठिपका बसतो. छान आहे. पण रक्त थंड पाहिजे, ताजं पाहिजे, आणि ते आणायचं कुणी? पुन्हा टिळेकर. देवनारच्या कत्तलखान्यात जाऊन घेतलं, घरच्या थर्मासमध्ये भरलं आणि बसनं सरांकडं निघालो. बसमध्ये शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "चहा का हो?" म्हटलं, "टोमॅटोचं सार." त्या म्हणाल्या, "वा, पौष्टिक असतं."

जयमालानं थर्मास ओळखला. आता तो थर्मास दवाखान्यात आणि मी दिवाणखान्यात झोपतो.

१७ फेब्रुवारी

दिवाळ्याची दुसरी फेरी आज होती. बॅग भरून निघालो तर सदू आडवा आला. "साहेब, तुमी कशाला ऊन खाता? मी जातो, सोलाच्या सोला आनतो." फेब्रुवारीत कसलं ऊन! पण बरं वाटलं. सहा दिवस रुसला होता, शेवटी माणूस पाघळला. दुपारी सोळा बाटल्या घेऊन आला, सगळ्यांवर नंबर, सगळं व्यवस्थित. शाबासकी दिली. त्यानं मान खाली घातली. विनयशील आहे बिचारा.

२० फेब्रुवारी

निकाल! सागरदीपच्या आजारी कुत्र्यांचे नमुने एकजात पार्व्हो. विष नाही, बिष नाही. आणि दिवाळ्याचे सोळा? पहिल्या फेरीत निरोगी, दुसऱ्या फेरीतही निरोगी. एकाही बाटलीत विषाणूचा मागमूस नाही! सर फोनवर ओरडलेच, "अरे, ही खरी बातमी आहे! शेजारी साथ आणि गावठी कुत्र्यांना काही नाही! प्रतिकारशक्ती! पेपरचं नावच बदलू." मोकाशींच्या फोनवर बोलत होतो, म्हणून नाचता आलं नाही.

तिथल्या तिथं मोकाशींना म्हटलं, "बघा, विष नव्हतं. कान्हाला परत घ्या." मोकाशींनी चष्मा पुसला. "म्हणजे जंतू होते ना? मग ते गावातूनच आले. त्यांच्या कुत्र्यांना काही होत नाही, पण अंगावर बाळगतात. तुमचे सरच म्हणाले ना आत्ता? हा रोज तिथून चालत यायचा, त्याच्या पायांनीच आले."

म्हणजे विष घातलं तरी कान्हा, नाही घातलं तरी कान्हा! मी म्हटलं, मग माझी सही मागं घेतो. "ठराव मंजूर झालाय, डॉक्टर. सही म्हणजे काय उधारीवर दिलेली साखर आहे का?"

२३ फेब्रुवारी

सरांचं पत्र. दोन पानं कौतुक. तिसऱ्या पानावर, खाली, अगदी सहज:

"घरोघरी फिरताना थर्मामीटर, बूट वगैरे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढत असशीलच. स्पिरिट आणि साबणानं या विषाणूचं काही वाकडं होत नाही, महिनोन् महिने जिवंत राहतो. तुला सांगायला नकोच."

नकोच! मला कशाला सांगायला हवं?

वही काढली. २५ तारखेची नऊ, सगळी ठणठणीत. २६ तारखेची बारा. प्रिन्सेसच्या आधीची तीन ठणठणीत. प्रिन्सेस चौथी. तिच्यानंतरची आठ: सात आजारी, त्यातली पाच मेली. आठवा भोसल्यांचा बॉक्सर. तो आजही बिस्किटं खातो. त्याला मी हातच लावला नव्हता!

आणि मग फेब्रुवारीत ज्यांच्याकडं मी सलाइन लावल्यावर 'सहज बघून जातो' म्हणून डोकावलो ती शेजारच्या बिल्डिंगमधली सहा, त्यातलीही पाच मेली. एकाचं पिल्लू तर माझ्या मांडीवर बसलं होतं. माझी सोन्यासारखी नीटनेटकी वही, आणि कान्हाची गेटवरची वही. दोन्हींत एकच यादी.

२४ फेब्रुवारी

प्रिन्सेस धरून अकरा मेली. दहा मी मारली.

२६ फेब्रुवारी

जयमालाला सांगितलं. वाटलं होतं, म्हणेल तुमचा काय दोष, तुम्हाला कुठं माहीत होतं. ती म्हणाली, "कुत्र्यांचं ठीक आहे, चुकून झालं. सही पण चुकून झाली का हो?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"त्यानं खरं सांगितलं आणि तुम्हाला राग आला. एवढंच झालंय ना?" आणि आत जाऊन कुकर लावला.

बावीस वर्षं संसार केला, या बाईला कधीच वकील करायला हवं होतं हे आज कळलं.

२ मार्च

सोसायटीची सभा. उभा राहिलो.  म्हटलं, "रोग प्रिन्सेसबरोबर बाजारातून आला. आणि तिच्यापासून घरोघरी मी पोचवला. माझ्या थर्मामीटरनं, माझ्या बुटांनी. कान्हानं जे वहीतून दाखवलं ते बरोबर होतं."

 मला वाटलं आता बूट येतील अंगावर.

मोकाशींनी टाळ्या वाजवल्या! "ह्याला म्हणतात मनाचा मोठेपणा! गरीब माणसाची नोकरी वाचावी म्हणून डॉक्टर स्वतःवर आळ घेताहेत!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोसल्यांनी हात मिळवला. ज्यांची कुत्री मी मारली त्यांनी मला पेढा दिला!

सुचित्राबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. जिन्यात गाठून विचारलं, "खरंच?" म्हटलं, "खरंच." त्यांनी माझ्याकडं बघितलं ते पुरेसं होतं. निदान एकीनं तरी विश्वास ठेवला.

४ मार्च

दिवाळ्यात गेलो, कान्हाची माफी मागायला. बॅग नेली नाही, बूट ब्लीचिंगच्या पाण्यातून काढून गेलो. गावात एक कुत्रं भुंकलं नाही. बहुतेक मला ओळखायला लागलीत.

कान्हा जाळं शिवत बसला होता. काकाच्या होडीवर हाताखाली जातो, मिळेल ते घेतो. मी सगळं सांगितलं. थर्मामीटर, स्पिरिट, वही. तो ऐकत राहिला. सुई थांबली नाही. मग म्हणाला, "साहेब, सही तुमची व्हती. पन नोकरी माजी व्हती."

पुतळाबाई आतून बाहेर आली. आज तोंडाचा पट्टा बंद. हे जास्त लागलं. "बस, च्या घे," एवढंच म्हणाली. बसलो, चहा प्यालो.

६ मार्च

दवाखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. तशीच प्रत हातानं लिहून सागरदीपच्या नोटीस बोर्डावर लावली, सही-शिक्क्यासह:

'सागरदीपमधील कुत्र्यांचा रोग माझ्या थर्मामीटर व बुटांमुळे पसरला. वॉचमन कान्हा यांचा काहीही संबंध नाही. त्यांना कामावर न घेतल्यास मी हेच वर्तमानपत्रात देईन आणि सोसायटीनं तपास न करता माझी सही घेतली, हेही देईन.'

मोकाशी धावत आले. पहिलं वाक्य त्यांनी वाचलंच नाही. शेवटचं तीनदा वाचलं. "वर्तमानपत्र कशाला मध्ये, डॉक्टर? आपण काय परके आहोत?"

१० मार्च

कान्हा कामावर आला. टोपी तीच, शिट्टी नवी. पर्मनंटचं 'बघू' म्हणतात. मी गेटमधून आत जाताना त्यानं वही पुढं केली. "नाव, येल, फ्लॅट नंबर." नंतर माझ्या बुटांकडं बोट केलं. "धुतले?" म्हटलं, "धुतले." मग फाटक उघडलं. बरोबर आहे त्याचं.

वरिष्ठांचा मेमोही आला. परवानगीशिवाय जाहीर निवेदन केल्याबद्दल खुलासा द्या. दिला. बढतीच्या यादीचं आता कुणाला विचारायला नको, वेळ वाचला.

१५ मार्च

सरांकडं गेलो. म्हटलं, पेपरमध्ये लिहू या की सागरदीपची साथ सर्वेक्षणानंच पसरवली. सर खुर्चीतून उठलेच. "वेडा आहेस का? ते गाळ." मी गाळणार नाही म्हटलं. तासभर भांडलो. गुरूशी असं भांडेन असं वाटलं नव्हतं! शेवटी तळटीप द्यायचं ठरलं. "पण दिवाळ्याला धक्का लावू नकोस," सर म्हणाले. "ते सोळा नमुने म्हणजे सोनं आहे. बाकी सगळं नासलं तरी तेवढं स्वच्छ आहे."

तेवढं खरं. येताना मनात तेच घोळत होतं. सगळा घोळ घातला, पण गावठी कुत्र्यांची प्रतिकारशक्ती शोधून काढली ना! कुणीतरी कधीतरी माझं नाव घेईल. आता सागरदीपच्या निम्म्या नमुन्यांची पेटी परदेशी जाणार, कुठला प्रकार ते तिकडं कळेल.

२६ मार्च, धुळवड

शिमग्याची ढोसून सदू दारात. तोंड रंगानं जांभळं. पायरीवर बसला आणि एकदम रडायला लागला. "साहेब, तुमाला फसवला मी. दुसऱ्या फेरीचे सोला नमुने सोला कुत्र्यांचे नाय. सगले माज्या लालीचे!"

सोळा वेळा एकच कुत्री!

"कान्हाला काढला तवा तो गावात आला, बोल्ला, डागदराची काच लागते तिथं मरन येते. सोसायटी आयकत नाय, तुमी तरी आयका. गावानी त्याच दिवशी सगली कुत्री होडीत घातली आन उरनला धाडली, पावन्यांकडं. लाली गाभन व्हती म्हनून ठेवली. पुतलाबाय मना बोल्ली, डागदराला नमुने दे, पन सांगू नको. मानूस चांगला हाय, मनाला लावून घेल."

म्हणजे मी सही केली नसती, तर कान्हा गेटवरच राहिला असता आणि सतरा तारखेला मी स्पिरिटची बाटली घेऊन दिवाळ्यात गेलो असतो. सोळाच्या सोळा! त्यानं वाचवली. माझ्यापासून. आणि वर चहा पाजला मला त्या घरानं.

 मग विचारलं, लाली कशी आहे?

"झ्याक हाय साहेब, चार पिल्लं झाली." डोळे पुसले, उठला, दोन पायऱ्या उतरून परत वळला. "पन तुमी बघायला नका येऊ."